नवीन हॅम (हौशी रेडिओवाले) दोनदा चेक-इन करतात आणि मग गायब होतात, तुमच्याकडे पण असंच आहे का?

नेट_कंट्रोलवाला

मंडळी, आमच्या क्लबचं टू मीटर बँडच्या रिपीटरवर (आपला सिग्नल उचलून उंचावरून पुन्हा पाठवणारं स्टेशन) रोज संध्याकाळी नेट असतं, म्हणजे रेडिओवरची बैठक, आणि नेट कंट्रोल (ती चालवायचं काम) बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतो. परवान्याच्या परीक्षेचा निकाल लागला की काही नवे कॉलसाईन (परवान्यासोबत मिळणारी रेडिओवरची ओळख) ऐकू यायला लागतात, लोक उत्साहाने हँडी (हातात धरायचा छोटा रेडिओ) घेऊन चेक-इन करतात, म्हणजे हजेरी लावतात, आम्ही अभिनंदन करतो, "कधीही काही लागलं तर विचारा" म्हणतो, आणि दोन-तीन वेळा आल्यावर ही माणसं जी नाहीशी होतात ती कायमचीच. ग्रुपवर असतात बरं का, मेसेज वाचतात, फोटोला अंगठा देतात, पण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबत नाहीत.

क्लबात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो हल्लीच्या लोकांना चिकाटी नाही, कागद भिंतीवर लावायला हवा असतो फक्त. दुसरा म्हणतो आपलं स्वागतच कुठेतरी फसतंय. मी दुसऱ्या तटात आहे पण नेमकं कुठे फसतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. नवीन लोकांसाठी एक जाडजूड पीडीएफ बनवली आहे, प्रोपगेशनवर (रेडिओ लहरी कशा पसरतात यावर) भाषणं ठेवली, बँड प्लॅनचा (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चालतं याचा) तक्ता दिला, फरक शून्य.

तुमच्याकडे कोण टिकतं आणि का टिकतं? आणि जे स्वतः नवीन आहात त्यांनी तर नक्की लिहा, मोकळेपणाने लिहा, कोणी रागावणार नाही (रागावलं तर माझ्याशी गाठ आहे).

---

जुनी_मोर्स_की

मी पहिल्या तटातला, आधीच सांगून टाकतो. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत एचएफच्या (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हच्या) परवान्यासाठी मोर्स कोड येण्याची अट ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडली आणि मग एकेक देशाने ती काढूनच टाकली. अट होती तेव्हा माणूस परवाना हातात पडायच्या आधी कितीतरी तास नुसता कानाला हेडफोन लावून बसलेला असायचा. मोर्स यावा म्हणून बसायचा, पण त्या बसण्यात बाकीचंही आपोआप शिकायचा, कोण कसं बोलावतं, कुठे थांबतात, पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला एकदम खूप जण बोलावतात तेव्हा) कोणाला उत्तर मिळतं आणि कोण नुसताच ओरडत राहतो. आता तो ऐकण्याचा काळच गळून गेलाय. थेट परीक्षा, थेट हँडी, आणि मग "काका इथे कोणी बोलतच नाही".

मोर्स परत आणा असं म्हणत नाहीये, ती गाडी गेली. पण ऐकायला तरी लावा. रिग (स्वतःचा रेडिओ संच) नसेल तरी चालतं, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर) फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडायचा आणि अख्खा एचएफ समोर धबधब्यासारखा वाहताना दिसतो. संध्याकाळी फॉर्टी मीटर बँडवर जाऊन तासभर नुसतं ऐका म्हणावं. ज्याला त्यात मजा वाटली तो टिकतो. ज्याला नाही वाटली त्याला तुम्ही हार घातले तरी टिकणार नाही.

---

नवी_लहर

मी त्या गायब झालेल्यांपैकीच एक आहे, आमच्याकडच्या क्लबातली, त्यामुळे लिहितेच आता सगळं, लांब होईल.

परीक्षेत ओहमचा नियम होता, रेझोनन्स होता, ट्रान्झिस्टरचे प्रकार होते, पण रिपीटरला टोन (आवाजासोबत जाणारा, रिपीटर उघडणारा बारीक सूर) लागतो हे कुठेच नव्हतं. मी रेडिओ घेतला, फ्रिक्वेन्सी टाकली, सगळ्यांचं बोलणं एकदम स्वच्छ ऐकू येत होतं, मी कॉल करायचे आणि पुढे काहीच नाही. पूर्ण शांतता. लोक माझ्यावरून तसेच पुढे बोलत जायचे. मला खरंच वाटलं की मुद्दाम दुर्लक्ष करताहेत, नवीन आहे म्हणून, किंवा बाईचा आवाज आहे म्हणून. नंतर कळलं की सीटीसीएसएस टोन सेट नव्हता, त्यामुळे रिपीटर माझ्यासाठी उघडतच नव्हता आणि कोणाला मी ऐकूच जात नव्हते. पण हे कळेपर्यंत माझ्या मनात त्या लोकांबद्दल जे बसायचं ते बसून गेलं होतं.

मग नेटवर आले. नेट म्हणजे हजेरी. कॉलसाईन, नाव, सिग्नल रिपोर्ट, "नो ट्रॅफिक, सेव्हन्टी थ्री" (पुढे द्यायचा निरोप नाही, शुभेच्छा), पुढचा. तेव्हा माझ्याकडे ट्रॅफिक म्हणजे नेमकं काय असायला हवं हेच मला माहीत नव्हतं. हजेरी संपली की चार जुने मित्र गप्पा मारायचे, कोणाचा रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) अडकला, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि दोन ओव्हरच्या (बोलण्याच्या पाळ्यांच्या) मधे श्वास घ्यायला पण जागा नसायची, एकाने पीटीटी सोडला की दुसऱ्याने दाबलाच. त्यात मधे घुसायचं कसं? एकदा घुसले तर एका काकांनी सगळ्यांसमोर माझी फोनेटिक्स (अक्षरं सांगायचे ठरलेले शब्द, ए म्हणजे अल्फा वगैरे) दुरुस्त केली, मी एका अक्षराला भलताच शब्द वापरला होता. त्यांचा स्वर वाईट नव्हता, हे पण सांगते. पण सगळं गाव ऐकतंय असं वाटतं हो त्या क्षणी.

आणि जुनी_मोर्स_की काका, ऐकण्याचं म्हणाल तर मी पुष्कळ ऐकलं. ऐकून ऐकूनच ठरवलं की इथे बोलायला नको 😅

तरी मी हॉबी सोडली नाही. एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) सुरू केलं, लॅपटॉप आणि साधा वायर अँटेना, आणि तिथे पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या खंडातून कोणीतरी माझा कॉलसाईन परत पाठवला. तो स्क्रीनवर लाल पट्टीत दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आता पार्क्स ऑन द एअरवाल्यांना (उद्यानांत जाऊन तिथून रेडिओ चालवणाऱ्यांना) एसएसबीवर, म्हणजे एचएफवर आवाजाने, पण कॉल करते. पण आमच्या रिपीटरवर अजून जात नाही.

---

हर्ट्झभर_जीव

एफटी८ म्हणजे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात आणि माणूस बाजूला चहा पितो. त्याला मी तरी रेडिओ म्हणत नाही. नवीन लोकांना तिकडे ढकलणं म्हणजे त्यांना बोलण्यापासून पळवाट देणं आहे.

---

तांब्याची_तार

@हर्ट्झभर_जीव हा वाद दर धाग्यात नको राव. एफटी८ ज्यांनी २०१७ मध्ये आणलं त्यांच्यातले एक जोसेफ (जो) टेलर, भौतिकशास्त्रातलं १९९३ चं नोबेल मिळालेला माणूस, स्वतः हॅम. पंधरा सेकंदांचा एक स्लॉट, पन्नासेक हर्ट्झ रुंदी, आणि कानाला ऐकू येणार नाही इतका खोल गाडलेला सिग्नल त्यातून बाहेर निघतो. छोटी जागा, वाकडीतिकडी तार आणि कमी पॉवर असलेल्या माणसाला त्यातून कळतं की माझा अँटेना खरंच काम करतोय आणि कुठपर्यंत पोचतोय. हे कळणं नवीन माणसासाठी फार मोठं आहे. आणि वरच्या ताई त्यातूनच पुढे एसएसबीवर गेल्या की, पळवाट कुठे आली त्यात.

आता मूळ प्रश्न. नवी_लहर यांनी टोनचं लिहिलंय ते प्रकरण वाटतं त्यापेक्षा फार मोठं आहे. माझा अंदाज असा की गायब होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कोणी नाकारलेलं नसतं, ते मुळात ऐकूच गेलेले नसतात. नवीन माणसाचं सेटअप डोळ्यासमोर आणा. हँडी, त्याच्यासोबत आलेला बोटभर रबर डक अँटेना, आणि बसलाय घरात चार भिंतींच्या आत. रिपीटर उंचावर आहे, पॉवर जास्त आहे, त्यामुळे याला तो कडक ऐकू येतो. उलट दिशेने याचे दोन-चार वॅट भिंतीतून कसेबसे निघतात. त्याला वाटतं मला जेवढं छान ऐकू येतंय तेवढाच छान मी तिकडे जातोय.

वर सेटिंगची भानगड. ऑफसेट (रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) चुकलेला असतो, टोन नसतो, किंवा रेडिओ नॅरो (अरुंद) एफएमवर असतो आणि रिपीटर वाइडवर (रुंद), मग आवाज इतका बारीक येतो की लोक "मायक्रोफोन जवळ धरा, जोरात बोला" सांगतात, तो बिचारा ओरडतो, आवाज फाटतो आणि सगळं आणखी बिघडतं. आणि यातलं काहीच त्याला स्वतःला ऐकू येत नाही, कारण बोलत असताना त्याचा रिसीव्हर बंद असतो. आपण समोरासमोर बोलायला बसल्यावर समोरचा मान डोलावतोय की नाही ते तरी दिसतं, इथे तेही नाही.

त्यामुळे माझं म्हणणं असं की पीडीएफ फेकून द्या (सॉरी) आणि नेटच्या आधी अर्धा तास नुसती टेस्टिंगची वेळ ठेवा. एक माणूस रिपीटरवर बसलेला, काम एकच, जो येईल त्याला खरा रिपोर्ट द्यायचा. "फाइव्ह नाइन (म्हणजे सिग्नल उत्तम) वेलकम" हा रिपोर्ट नाही. खरं सांगा, "तुम्ही येताय पण खरखर खूप आहे, खिडकीपाशी जा, रेडिओ उभा धरा, आता परत बोला". दोन पावलं सरकल्यावर सिग्नल कसा बदलतो हे त्या माणसाला त्या क्षणी कळतं, आणि त्याला बोलायला विषयही मिळतो. मी तर म्हणतो त्याचं बोलणं रेकॉर्ड करून त्याला पाठवा, आपला आवाज तिकडे कसा येतोय हे एकदा ऐकलं की माणूस मायक्रोफोनपासून किती अंतरावर बोलायचं ते आपोआप शिकतो.

आणि पहिला अँटेना त्याच्याकडून बनवून घ्या. टू मीटरचा क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन म्हणजे केबल जोडायचं एक एसओ-२३९ सॉकेट आणि साधारण ४९ सेंटीमीटरच्या पाच जाड तारा, एक सरळ वर, चार खाली तिरक्या ४५ अंशात. थोडं सोल्डरिंग, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघून वरची तार जराशी कातरायची. रबर डक काढून हा खिडकीबाहेर लावला की फरक इतका असतो की समजावून सांगावं लागत नाही. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूतून आवाज पोचला की तो माणूस सहसा सोडून जात नाही, हे मी बघितलंय.

---

शिखरावरून_कॉलिंग

तांब्याची_तार यांचं पटलं पण मी थोडं वेगळं सांगते. ऐकू जाणं ही अर्धी गोष्ट झाली. नवी_लहर रिपीटरवर थांबल्या नाहीत आणि पार्कवाल्यांना कॉल करत राहिल्या, असं का झालं? तिथेही अनोळखीच लोक होते की.

कारण तिथे समोरच्याला तुमची गरज असते. डोंगरमाथ्यावरून बोलणारा सोटावाला (समिट्स ऑन द एअर या उपक्रमातला) बॅटरी पाठीवर घेऊन चढलेला असतो आणि पॉइंट मिळायला त्याला निदान चार क्यूएसओ (दोन स्टेशनांमधले संपर्क) लागतात. पार्कवाल्याला दहा लागतात. त्यामुळे तुमचा सिग्नल कितीही फाटका असो, तो कान टवकारून, तुमची एकेक अक्षरं जोडून, परत विचारून कॉलसाईन घेतोच. आणि संभाषण ठरलेलं असतं, कॉलसाईन, रिपोर्ट, थँक यू, पुढे. काय बोलू हा प्रश्नच नाही. रिपीटरच्या नेटवर नवीन माणूस म्हणजे हजेरीत वाढलेला आणखी एक आकडा, तो आला काय न आला काय कोणाचं काहीच अडत नाही, आणि हे त्यालाही बरोबर समजतं.

कॉन्टेस्टचंही (ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त संपर्क करायच्या स्पर्धेचंही) तेच. नवीन लोकांना कॉन्टेस्टची भीती घालतात, पण मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बसवते. सीक्यू वर्ल्डवाइड एसएसबी ही कॉन्टेस्ट ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकएंडला असते, तोवर मोठ्या स्टेशन्सनी ओळखीचे सगळे कॉलसाईन घेऊन झालेले असतात, आता नवा कोणी मिळतोय का म्हणून ते आसुसलेले असतात. अशा वेळी वीस मीटर बँडवर शंभर वॅट आणि साध्या डायपोलवरून (दोन तारांचा अँटेना), अर्धी-अर्धी तार जेमतेम पाच मीटर, कॉल केला की पहिल्या फटक्यात उत्तर. द्यायचं काय, तर फाइव्ह नाइन आणि झोन नंबर (जगाच्या ठरवलेल्या भागांपैकी आपल्या भागाचा), बास. मी शेजारी बसते, लॉग लिहिते, तोंड बंद ठेवते. तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड आहे, पण माणूस अडखळला तरी त्याला स्वतःलाच बाहेर पडू द्यायचं, आपण मायक्रोफोन हातातून घेतला की संपलं.

ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांना परवानाधारकाच्या देखरेखीखाली बोलू द्यायचं का, हे देशागणिक बदलतं, ते आपापला नियम बघून. ऐकायला मात्र बसवाच. स्पेस स्टेशनवरून एसएसटीव्ही (रेडिओवरून हळूहळू चित्रं पाठवणं) चालू असेल तेव्हा साधा हँडी १४५.८०० मेगाहर्ट्झवर लावायचा, डीकोड करणारं ॲप चालू करून फोन स्पीकरजवळ धरायचा, आणि पीडी१२० या प्रकारात साधारण दोन मिनिटांत एक चित्र ओळीओळीने उतरतं. पास (स्टेशन आपल्या आकाशातून जाण्याचा वेळ) दहा मिनिटांच्या आतच संपतो त्यामुळे आधी तयारी हवी. मुलं तर सोडाच, मोठी माणसं पण आकाशाकडे बघत उभी राहतात.

---

जुनी_मोर्स_की

गरज असण्याचा मुद्दा पटला. सीडब्ल्यूमध्ये (मोर्समध्ये) पण हेच आहे, हळू पाठवणारा नवा कोणी ऐकू आला की चांगले ऑपरेटर त्याच्या स्पीडला उतरतात. तो मिनिटाला बारा शब्दांनी पाठवत असेल तर तुम्ही पंचवीसने उत्तर देणं हा असभ्यपणा आहे. फोनवर, म्हणजे आवाजाने बोलताना, आपण हे पाळत नाही हे खरं.

नवी_लहर, तो टोनचा प्रकार कोणीतरी आधी सांगायला हवा होता तुम्हाला. तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं.

---

नेट_कंट्रोलवाला

सगळ्यांचे आभार, नवी_लहर यांचे विशेष. तुमचं वाचताना आमच्या नेटचंच वर्णन चाललंय असं वाटलं, फक्त आमच्याकडे गुडघा नाही, पाठ आहे.

उद्यापासून काय करतो ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. हजेरीच्या सुरुवातीलाच नवीन आणि पाहुण्या स्टेशनांना आधी बोलावणार, आत्तापर्यंत ते शेवटी असायचं आणि तोवर लोक कंटाळून गेलेले असायचे. "नो ट्रॅफिक" ऐवजी प्रत्येकाला एक साधा प्रश्न, आज कोणत्या अँटेनावर आहात, काय ऐकलंत, असा काहीतरी ज्याचं उत्तर एका वाक्यात देता येईल. दोन ओव्हरच्या मधे दोन सेकंद सोडायचे, हे जुन्यांना सांगावं लागेल आणि ते सोपं जाणार नाही. नेटच्या आधी टेस्टिंगचा अर्धा तास. ग्राउंड प्लेनसाठी एक रविवार. आणि नेट संपल्यावर एकाने नवीन स्टेशनला सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय थेट) बोलवायचं, म्हणजे सगळ्यांसमोर बोलायचा ताण नको.

एक शंका आहे. नवीन लोक मला खाजगीत विचारतात की रेडिओवर बोलायला परवानगी नेमकी कशाची आहे, ते घाबरलेले असतात की काहीतरी चुकीचं बोललो तर परवाना जाईल. याला थोडक्यात काय सांगता?

---

तांब्याची_तार

थोडक्यात, आंतरराष्ट्रीय रेडिओ रेग्युलेशन्सचं २५ वं कलम हौशी रेडिओसाठी आहे, त्यात हॉबीशी संबंधित गोष्टी आणि वैयक्तिक स्वरूपाचं बोलणं चालतं. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा चालत नाही. धंद्याचं बोलणं नको, गाणी वाजवणं नको, आणि कॉलसाईन वेळोवेळी द्यायचा, किती वेळाने ते तुमच्या देशाच्या नियमात असतं. बाकी हवापाणी, अँटेना, तब्येत, आज ऑफिसला जाताना काय दिसलं, सगळं चालतं. रिपीटरवर एवढंच की सलग फार वेळ बोलायचं नाही, बहुतेकांना टाइमर असतो, तो मधेच तोंड बंद करतो. हे एवढंच एका कागदावर लिहून द्या, जाडजूड पीडीएफमधलं हेच एक पान कामाचं.

---

नवी_लहर

सिम्प्लेक्सवर बोलवायची कल्पना मस्त आहे. फक्त "काही लागलं तर विचारा" हे वाक्य काढून टाका प्लीज. काय लागतं तेच नवीन माणसाला माहीत नसतं, तो काय विचारणार. त्यापेक्षा "गुरुवारी मी तुला अमुक वाजता अमुक फ्रिक्वेन्सीवर कॉल करतो" असं सांगा. वेळ ठरली की माणूस येतो.

---

नेट_कंट्रोलवाला

लिहून घेतलं. एकच राहिलं, आमच्याकडेही फोनेटिक्स दुरुस्त करणारे एक ज्येष्ठ आहेत, माणूस लाखमोलाचा, रिपीटरची देखभाल तेच करतात, पण सवय जात नाही. त्यांना दुखवायचं पण नाहीये. काय करू?

---

शिखरावरून_कॉलिंग

टेस्टिंगच्या त्या अर्ध्या तासाला त्यांनाच बसवा. तिथे दुरुस्त करणं हेच काम आहे, लोक त्यासाठीच येणार आहेत. आणि नेटच्या वेळी त्यांच्याकडे लॉग लिहायचं काम द्या, दोन्ही हात गुंतलेले राहतील 😄

---

जुनी_मोर्स_की

आमच्या क्लबातही लॉग मीच लिहितो. आत्ता कळलं का ते.